भट्टीतला प्रयोग

सेलू : टाळ्या! सर, यंत्रातून एक ठिणगी उडाली नाही, एका पोरीचा केस हलला नाही, आणि अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या!

मोसेसे : सेलूबाई, पाहुणे बसलेले असताना मुलांनी गप्प राहायचं का? पाळकबाबांनी तर यंत्रासाठी प्रार्थनाही केली.

सेलू : तीही लागू पडली नाही. वर्षभर पत्रं लिहून लिहून हा विजेचा गोळा मागवला मी. म्हटलं, पोरींचे केस ताठ उभे राहिले की पदार्थविज्ञानाला नावं येतील. आली किती? तीन!

मोसेसे : आठ हवीत. उद्याच्या बोटीने यादी राजधानीला, नुकुआलोफाला जाणार. नाहीतर अकरावीचा तुमचा वर्ग बंद आणि तुमची बदली. मुख्याध्यापक असलो तरी माझ्या हातात काही नाही.

सेलू : तुमच्या हातात कधी काय असतं? कोण आहे दारात? तोकिलुपे? ये. आणि मोठी माणसं दिसली म्हणून लगेच जमिनीवर बसू नकोस, उभी राहून बोल.

तोकिलुपे : काही नाही बाई. वायर गुंडाळायला आले.

सेलू : गुंडाळ. माझंही चंबूगबाळं आवर त्याबरोबर. अगं, तू गोळ्यावर हात ठेवून उभी होतीस ना? काहीच वाटलं नाही?

तोकिलुपे : वाटलं. चालणार नाही असं वाटलं. मंगळवारी यंत्र खोक्यातून काढलं तेव्हापासूनच.

सेलू : काय?

तोकिलुपे : हवा दमट आहे ना बाई. त्यात आमच्या सगळ्यांच्या केसांना खोबरेल. आमची खोबरं वाळवायची भट्टी आहे ना, ती रिकामी तापली की आत प्लॅस्टिकची पोती झटकताना चटचट झटके बसतात. बाहेर कधीच नाही.

सेलू : मंगळवारी कळलं होतं तुला, आणि माझी शोभा होऊ दिलीस?

तोकिलुपे : तुम्ही बाई आहात. तुम्हाला चुकलात म्हणायचं? सरांसमोर, पाळकबाबांसमोर?

मोसेसे : पोरीला वळण आहे.

सेलू : चुलीत घाला ते वळण! भट्टी पेटवा म्हणावं घरी, यंत्र तिकडेच नेऊ. आणि जा, आधी केस धू. साबणाने!

(दुपार. तोकिलुपेच्या घरची भट्टीची खोली. मधोमध यंत्र, भोवती मुलांची रेटारेटी.)

सेलू : ठेव हात. सर, दार लावा हो, सगळी दमट हवा आत घेताय!

मोसेसे : घामाने जीव चाललाय माझा इथे, आणि तुम्ही... अरे देवा! सेलूबाई, हिचे केस! सगळे उभे!

सेलू : ओरडू नका! नाही, ओरडा! सगळे ओरडा! बघा, गोळा केस वर ओढतो! ए, ढकलू नका रे, एकेक जण या!

मोसेसे : सात झाली. सात नावं. एकच हवंय.

सेलू : तोकिलुपे, तुझं कुठाय?

तोकिलुपे : मला शिकायचंय बाई. पण वर्गात तुम्ही चुकलात आणि मला दिसलं, तर मी काय करायचं?

सेलू : बोलायचं.

तोकिलुपे : सगळ्यांसमोर?

सेलू : सगळ्यांसमोर. मी चिडेन, आदळआपट करेन. तरी बोलायचं.

तोकिलुपे : मग लिहा माझं नाव. आणि बाई... आत्ता तुम्ही मुलांना सांगितलंत, गोळा केस वर ओढतो. मला वाटतं, ओढत नाही. केसच एकमेकांना ढकलतात.

सेलू : हसू नका, सर. ...हं. पुढे बोल.