गाडीचं तोंड हलकं

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं सुनंदा! बोल, बोल. जरा जोरात बोल, रावेरहून फोन आला की विहिरीतून हाक मारल्यासारखं वाटतं.

…हो, मी बरी आहे. तुझे नाना पण बरे आहेत. बरे म्हणजे… थांब. आधी मला सांग, तुझ्या सासूबाई निघाल्या तर नाहीत ना?

…उद्या? पहिल्या एसटीने? जळगावच्या त्या नव्या डॉक्टरकडे?… नको. नको पाठवू म्हणते मी. पिशवी भरली असेल तर रिकामी करायला सांग.

…अगं हो, हो, माझ्या लक्षात आहे. मीच तुला कळवलं होतं ना. नाना डोळ्यांची ऑपरेशनं बंद करताहेत, इंदिराबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं तुमचं तुम्ही दुसरीकडे बघा. मीच बोलले होते, याच फोनवर, याच स्टुलावर बसून. आणि फोन ठेवल्यावर रडले होते, ते तुला नाही सांगितलं.

…सांगते ना. अगं ऐक ना! मला दम तर घेऊ दे. आत्ताच आलोय आम्ही फागण्याहून. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत मी.

…गाडीने. कुठली म्हणजे? लालच. आपल्याकडे दहा गाड्या आहेत का?

…मी मागे. तिला मागे सीट आहे म्हणतात, ती सीट नाही, फळी आहे. दोन पाय एका बाजूला घेऊन गाठोड्यासारखी पडले होते. पुढे नाना, आणि शेजारी रहीम मिस्तरी.

…अगं तो साक्री रोडवरचा. ट्रक दुरुस्त करतो बघ, पांढऱ्या दाढीचा. नानांनी त्याला कधी बोलावला नाही. विलायती गाडीला ट्रकवाला कशाला, म्हणायचे. मीच काल झुलालला सायकलवर पाठवला.

…का म्हणजे? अगं काल नानांनी झुलालला दवाखान्याचा बोर्ड उतरवायला सांगितला! बावीस वर्षं कंपाउंडर आहे तो आपल्याकडे. स्टूल घेऊन गेला, स्टुलावर चढला, आणि तिथेच उभा राहिला. उतरवेना त्याला. मग मीच म्हटलं, झुलाल, खाली उतर, आधी रहीमला बोलाव.

…हो, बोर्ड आणि गाडी, एकच भानगड. तुला सगळं नाही सांगितलं मी. दसऱ्यानंतर नाना दर गुरुवारी जळगावहून येत ना पेशंट बघून, तर आले की नुसते हाताकडे बघत बसायचे. एकदा विचारलं. म्हणाले, "ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग हाताला लागतच नाही. हवेत धरल्यासारखं होतं. गाडी इकडे चालली का तिकडे, बोटांना कळत नाही."

…केलं ना, दाखवली ना! तीन गॅरेजांत दाखवली. एकाने चाकांची अलाइनमेंट केली. दुसऱ्याने टायर मागचे पुढे, पुढचे मागे केले. तिसरा काय म्हणाला माहीत आहे? "डॉक्टरसाहेब, गाडीत काही नाही. आता जरा वयाचं पण बघा." मेल्याच्या जिभेला काही हाड?… आणि यांना ते पटलं. घरी येऊन म्हणाले, "ज्या बोटांना स्टेअरिंग कळत नाही, त्यांनी माणसाच्या बुबुळाशी सुरी नेऊ नये." संपलं. त्या दिवसापासून एक डोळा केला नाही.

…हो ना. मी काय बोलणार? त्यातलं मला काय कळतं? आणि खरंच गेले असतील हात, तर? ते पण मनात होतंच की गं.

…तेच सांगते. आज सकाळी आला रहीम. बॉनेट कुठे उघडावं ते शोधत असेल म्हटलं, तर सरळ मागे गेला. इंजिन मागे, डिकी पुढे, हे त्याला न सांगता कळलं! पुढचं चाक जॅकवर घेतलं, दोन्ही हातांनी धरून हलवलं. काही ढिलं नाही. हवा तपासली. बरोबर. खाली आडवा झाला, एकेक सांधा बोटाने दाबून पाहिला. मग उठला, हात पुसले, आणि नानांना एकच प्रश्न विचारला. "साहेब, जातांना बरी चालस का येतांना?"

…अगं, पेशंटला विचारावं ना तसं! नाना म्हणाले, "जाताना बरी. येताना वाईट. सकाळी हात ताजे असतात, संध्याकाळी थकतात." असं म्हणताना त्यांचा चेहरा… जाऊ दे. मला बघवला नाही.

रहीम म्हणतो, "आनि पेट्रोल कव्हय भरतस?" नाना म्हणाले, निघताना, धुळ्यालाच टाकी फुल्ल करून निघतो. तर रहीम हसला. हसला गं! पुढच्या डिकीवर थाप मारली आणि म्हणाला, "टाकी आठे शे. पेट्रोल सरनं की गाडीनं तोंड हलकं व्हस."

…नाही कळलं? मला तरी कुठे कळलं होतं. अगं, इंजिन मागे, म्हणजे सगळं ओझं मागे. पुढची चाकं मुळातच हलकी. त्यात पेट्रोल संपत आलं की आणखी हलकी. जोरात गेलं की वारा पुढून उचलतो, मग चाकं रस्त्याला नीट टेकतच नाहीत. मग स्टेअरिंगला काय कळणार, आणि बोटांना काय कळणार?

…तेच! तेच विचारलं नानांनी. "पंधरा वर्षं चालवतोय, टाकी पंधरा वर्षं पुढेच आहे. मग आताच का?" रहीम म्हणाला, चला, रस्त्यावर बघू. आणि मला म्हणतो, "अक्का, तुम्ही बी बसा. मांगे."

…हो, मुद्दाम! मला आधी वाटलं मान देतोय. मग फागण्याच्या अलीकडे सरळ रस्ता आला, नानांनी ऐंशीवर नेली, आणि हा डोळे मिटून बसलेला. दोन्ही पाय खाली फरशीवर दाबलेले, तळहात समोर टेकवलेला. म्हणतो, "आज जास्तीच हलकं वाटस ना, साहेब?" नाना म्हणाले, हो, फारच. "मंग. अक्का मांगे बसेल शेतस ना."

…हस, हस. पंचावन्न वर्षांच्या बाईला वजनकाटा केला त्याने. दुसऱ्या कुणी केला असता तर उतरून चालत आले असते. पण अगं, त्याचे डोळे मिटलेले होते! डोळे मिटून त्याला गाडीचं तोंड कळत होतं. माझ्या अंगावर काटा आला.

…मग थांबवली. कडेला रस्त्याच्या कामाचे दगड पडलेले. याने डिकी उघडली, चांगले मोठे चार दगड उचलून आणले, आपलं खांद्यावरचं उपरणं खाली अंथरलं आणि त्यावर एकेक ठेवले. पोराला पाळण्यात ठेवतात तसे. "आते चालाडा." नानांनी काढली. साठ. सत्तर. ऐंशी. नव्वद… सुनंदा, गाडी अशी सरळ! रुळावरून चालल्यासारखी. मागे बसून मला सुद्धा कळलं. नानांचा कान लाल झालेला तेवढा मला मागून दिसत होता.

…हो, थांब ना, आता खरी गंमत. गंमत कसली, माझी फजिती. गाडी थांबवून रहीमने डिकीत डोकं घातलं आणि विचारलं, "आठे आदी काय व्हतं? गंजना डाग शेतस. कोनी काढं?"

…

…नाही, आहे मी लाइनवर. कसं सांगू ते बघतेय.

…मी काढलं. मी गं! खंडेनवमीला. गाडी धुतली, म्हटलं पुढची डिकी पण साफ करू. स्टेपनीच्या खाली गोणपाटात शिवलेलं काहीतरी होतं. उसवलं, तर आत वीस वीस किलोची दोन लोखंडी वजनं. अमळनेरच्या तेलवाल्या शेटची ती गाडी ना आधीची, त्यांच्या गिरणीतली वजनं. मला काय माहीत त्यांनी ती मुद्दाम ठेवलीत? मला वाटलं, अगंबाई, तराजूची वजनं! खंडेनवमीच्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, आणि ही बिचारी टायरखाली पडलेली! धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं…

…मग परत कशी ठेवणार? पूजा केलेली वस्तू परत टायरखाली? तूच सांग, तू ठेवली असतीस?… बघ! नसतीस ना ठेवली? कोणीच नसतं ठेवलं. देवघराच्या खाली ठेवून दिली. रोज उदबत्ती लावते मी त्यांना. इकडे मी उदबत्ती लावतेय आणि तिकडे नवऱ्याचे हात चाललेत.

…नानांना माहीत नव्हतं गं. त्यांनी पंधरा वर्षांत स्टेपनीखाली कधी पाहिलंच नाही. पंक्चर झालं की झुलाल बघायचा.

…सांगितलं. तिथेच, रस्त्यावर उभी राहून सांगितलं. ट्रक जाताहेत, धूळ उडतेय, आणि मी सांगतेय, अहो मीच काढली. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

…नाही ओरडले. डिकीला टेकून उभे राहिले, आणि दोन्ही हात समोर धरले. असे, पालथे, मग उताणे. मी रडायला लागले. तर रहीम म्हणाला… थांब, त्याच्याच शब्दांत सांगते. म्हणाला, "साहेब, तीन गॅरेजले समजनं नई, ते तुमना हातले समजनं. आनि तुम्ही हातलेच दोष देतस?"

…

…हो ना गं.

चाळीस किलो गेलं होतं फक्त. एवढ्या गाडीत चाळीस किलो म्हणजे काय! यंत्रवाल्यांना सापडलं नाही. यांच्या बोटांना पहिल्या गुरुवारी कळलं होतं. हात गेले म्हणून नाही कळलं सुनंदा, हात आहेत म्हणून कळलं. पस्तीस वर्षं या माणसाच्या शेजारी ताटावर बसतेय मी, आणि आज पहिल्यांदा त्यांच्या हातांची भीती वाटली मला. देवाची वाटते ना, तशी.

…आता? आता बाहेर आहेत. रहीम आणि ते मिळून वजनं ठेवताहेत डिकीत. हळदकुंकवासकट! रहीम म्हणाला, पुसू नका, राहू द्या, चांगलं असतं.

…हो. येताना गाडीतच ठरलं. सोमवारपासून. झुलालला दवाखाना धुवायला सांगितलाय. म्हणून तर म्हणते, सासूबाईंना जळगावला नेऊ नको. रविवारी इकडे घेऊन ये, जावईबापूंना पण आण.

…काय?… काय म्हणालीस?… नाही, रागावले नाही मी. विचारायलाच पाहिजे तू. सासूचा डोळा आहे, उद्या काही झालं तर तुला तिथे नांदायचंय. गाडी सरळ चालली म्हणून सुरी सरळ चालेल कशावरून, असंच ना?… बरोबर आहे तुझं. दोन महिने हात लावलेला नाही, वय सदुसष्ट. बरोबर आहे.

…अगं पण ऐक. इंदिराबाईंचा नंबर दुसरा आहे.

…पहिली मी.

…हो, मी. डावा डोळा. वर्ष होत आलं, धुकं धरल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू.

…नाही सांगितलं. कुणालाच नाही. आधी म्हटलं, पिकू दे. मग त्यांनी सुरीच खाली ठेवली. तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्याकडे पाठवलं असतं मला. मी दुसऱ्या कुणाला माझ्या डोळ्याला हात लावू देणार नाही.

…आज सांगितलं. फागण्याच्या रस्त्यावर. तर म्हणतात, "मला सहा महिन्यांपासून दिसतोय तो. तुझा डोळा करायचा म्हणूनच मला माझ्या हातांची भीती वाटत होती."

…रडू नको. अगं वेडी, रडू नको. लाइन महागाची आहे. सासूबाईंना माझा निरोप सांग. म्हणावं, रविवारी या. सोमवारी बाकावर बसा आणि आधी माझ्याकडे बघा. मी पट्टी बांधून बाहेर आले की मग ठरवा.

…हो, आले, आले!… तुझे नाना बोलावताहेत. ठेवू?… ठेवते.