तीस दिवस कुठून मोजायचे?

भाडे-कचेरीच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या.

"ताई, कायदा आपल्या बाजूने नाहीच का गं?"

"नावापुरता. मालकाने नोटीस दिली की तीस दिवसांत घर सोडायचं. कारणसुद्धा विचारायचं नाही."

"मग हसतेस काय?"

"अगं, त्याने तारीखच घातली नाही! वकीलबाई म्हणाल्या, मग तीस दिवस मोजायचे कुठून? दुसरी नोटीस येईपर्यंत खुशाल राहा."

"अगं बाई! त्याला सांगू नकोस हं!"

"छे! दिसला की वाकून नमस्कार करते!"

बाईंनी घाईघाईने पिशवीतून आपली नोटीस काढली.

"चष्मा घरी राहिलाय हो. हिच्यावर तारीख आहे का, बघता?"

दोघींनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"कुठ्ठेच नाही!"

बाईंनी हसत हसत रांगेतच फतकल मारली.