ओतिलियाबाईंच्या परसातल्या कुंपणाचा अंदाज

मी तेओफिलो उर्बिना, वय अठ्ठावन्न, धंदा कुंपणाची कामे व तारेचे दुकान, राहणार बोआको, निकाराग्वा. चौकीवर समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

एर्मेलिंदा सोसा यांची माझ्याविरुद्ध तक्रार आहे की, त्यांची थोरली बहीण ओतिलिया यांना मी फसवले. खांब वाढत्या चंद्रात तोडले, म्हणून एकालाही पालवी फुटली नाही व पावसाळ्यात कुंपण आडवे झाले. दोघींची परसे लागून आहेत. एर्मेलिंदाबाईंच्या डुकराने ओतिलियाबाईंचा कसावा उकरल्यापासून बोलणे बंद आहे. कुंपण एर्मेलिंदाबाईंना अडवायलाच घातलेले होते.

फेब्रुवारीत ओतिलियाबाईंनी मला अंदाज काढायला बोलावले. परस मापून मी सांगितले, दर तीन वार अंतरावर एक खांब, काटेरी तारेचे तीन पदर.

त्या म्हणाल्या, "तीन कशाला? दोन पुरे. तिसरी तार नेमकी तिच्या तोंडाच्या आड येते."

"मावशी, भांडण आहे ना?"

"भांडण आहे. आंधळी नाही झाले मी."

सुके सागवानी खांब धरू का, असे मी विचारले.

"किती टिकतील?"

"आपल्या सगळ्यांना पुरून उरतील."

"मग नकोत."

शेवटी मादेरो नेग्रो झाडाचे ओले खांब ठरले. हे पुरले की मूळ धरतात, त्यांची झाडे होतात. मात्र उतरत्या चंद्रातच तोडावे लागतात, नाहीतर कुजतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असते. चंद्र वाढता होता. मी थांबू म्हणालो.

त्या म्हणाल्या, "आजच तोड. गल्लीसमोर बोलून बसले, कुंपण तर घालावंच लागेल. पण वर्षाच्या वर उभं राहिलं तर तुझी तंगडी मोडीन. आणि एर्मेलिंदाला एक अक्षर सांगशील तर बघ!"

मी एर्मेलिंदाबाईंना काहीही सांगितलेले नाही. आज फक्त पोलिसांना सांगत आहे, कारण या गावात नाव गेले की माझे दुकानही गेले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एर्मेलिंदाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या असल्याने दार उघडे ठेवावे, अशी विनंती मी केली व साहेबांनी ते उघडे ठेवले. मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम खरा आहे. तक्रारीवर सही करायला बाई थांबल्या नाहीत, हेही माझ्या सांगण्यावरून लिहून घेतले.