अर्ध्या बाहीचा ड्रेस

नसीमा : अवं, उघड ना ते. नुसता कागदच किती वेळ पाहून राह्यली? कापड मी निवडलं बरं. तुह्या चाचाले रंगातलं काही समजत नाही.

समता : चाची, माह्यासाठी कायले? ऐन लग्नाच्या सीझनमध्ये तुम्हाले वेळ तरी कुठून मिळाला?

वाहेद : ते तू सोड. तू घरी गेली का बसत होतो मशीनवर. बारावी झाल्यापासून या दुकानात लोकाइचे कपडे शिवून राह्यली, सोतासाठी एक कुर्ता शिवला का कधी? परवा नीटच्या परीक्षेले हाच घालून जाय. डॉक्टर व्हाले निघाली पोरगी, जरा शोभली पाहिजे.

(समता पुडकं उघडते, ड्रेस अंगाला लावून बाही मनगटापर्यंत ओढून पाहते.)

वाहेद : काय झालं? खांद्यात, मुंढ्यात नाही बसनार असं वाटते? तुहं माप तोंडपाठ हाय मले.

समता : नाही चाचा. लय सुंदर आहे. अस्तरसुद्धा लावलं…

नसीमा : अन् बाही पाय. पुरी बाही, मनगटावर लेस. ते लेस जालन्याहून आनली. बटनं पाय केवढाली, त्याच कापडानं मढवली. अन् हा आतून खिसा. म्हटलं पेन ठेवाले कामी येईन.

समता : चाची…

नसीमा : रडू नको बाई, नव्या कापडावर डाग पडन.

समता : हे परवा नाही घालता येणार.

वाहेद : काऊन?

समता : नाही येणार, चाचा.

वाहेद : आपल्या देऊळघाटची शिलाई म्हनून? बुलढान्याच्या क्लासवाल्या पोरी येतीन तिथं, त्याइच्यात लाज वाटन?

समता : काय बोलता चाचा! जन्मात मले कोणी एवढं चांगलं शिवून नाही दिलं. पण तिथं पुरी बाही चालतच नाही. नियम आहे. अर्धी बाही पाहिजे, मोठी बटनं नको, पायात साधी चप्पल. दारावर मशीन फिरवून तपासतात. पेनसुद्धा तेच देतात. तुम्ही शिवलेल्या खिशात काय ठेवू?

नसीमा : या अल्ला. मंग बुरखेवाल्या पोरी कशा जातात?

समता : त्याइले लवकर बोलावतात. बाया तपासतात अन् मंग आत सोडतात.

नसीमा : अन् मी त्या लेससाठी याइच्याशी अर्धा दिवस भांडली.

वाहेद : परीक्षा हाय का जेल? आधी काऊन नाही सांगतलं मले?

समता : तुम्ही माह्यासाठी ड्रेस शिवून राह्यले, हे मले काय माहीत?

वाहेद : हाव, हे बी खरं. आन इकडे. नसीमा, कैची दे.

नसीमा : अहो, कापता?

वाहेद : मंग काय पेटीत ठेवू? हे पाय समता, बाही कोपराच्या वर घेतो. लेस गेली. बटनं काढून गळा मोठा करतो, डोक्यातून घालजो. खिसा शिवून टाकतो. अजून काय?

समता : अस्तर… मे महिन्यात लय गरम होईन.

वाहेद : अस्तर काढलं. अजून?

समता : रंग जरा गडद आहे. फिक्का बरा असते म्हणतात.

नसीमा : आता रंग बी?

वाहेद : नियमात लिहेल हाय का तसं?

समता : लिहिलेलं नाही. म्हणतात.

वाहेद : म्हनतात ते सोड. अजून?

समता : लांबी थोडी…

वाहेद : लांबीले काय धाड भरली? समता, बायाइचे कपडे शिवन्यात केस पांढरे झाले माहे. गिऱ्हाईक एकामागून एक खोट काढत चाललं का मी समजून जातो, खोट कपड्यात नाही. बोल आता.

समता : मी परवा नाही जाऊन राह्यली.

नसीमा : काय म्हनली?

समता : नाही जात. सोमवारी महादेवरावच्या पोरीचं, पुष्पांजलीचं लग्न आहे. तिचे ब्लाऊज, करवल्याइचे ब्लाऊज, सगळे तसेच पडून आहेत. तुम्ही दोघं कसं निभावणार? चाचीची कंबर आधीच…

नसीमा : माह्या कंबरेले मधात नको आनू.

वाहेद : हे कारन मले नको सांगू. मांगच्या वर्षी बी सीझन होता. तरी गेल्ती ना तू?

समता : गेल्ती.

वाहेद : मंग?

समता : मांगच्या वर्षी मी झोपली, चाचा.

वाहेद : झोपली म्हंजे?

समता : पेपर लिहिता लिहिता. बायोलॉजी सोडवून झालं, फिजिक्स उघडलं, अन् अक्षरं हलायले लागली. म्हटलं, मिनिटभर डोळे मिटू. मॅडमनं खांदा हलवला तवा पेपर जमा करून राह्यले होते.

नसीमा : अवं, तू तं म्हनली पेपर कठीन आला!

समता : मंग काय सांगू? आदल्या रात्री आपण तिघं पहाटेपर्यंत लेहंग्यावर बसलो होतो. तुमचा दोष नाही. चाचा मले घरी जाय म्हणत होते. तुम्ही दोघं राबून राह्यले अन् मी उठून जाऊ, पायच निघेना. वाटलं, निभावून नेईन.

नसीमा : अहो, ऐकलं का?

वाहेद : ऐकलं. मी जाय म्हटलं, पन मशीन बंद नाही केली.

समता : चाचा, तसं नका म्हणू. पण यंदाही तेच होईन. वर्षभर ओव्हरलॉक मशीनच्या आवाजात एका कानात लेक्चर लावून शिकली मी.

नसीमा : अन् मले वाटे कोन्या पोराशी बोलून राह्यली.

समता : चाची!

नसीमा : मंग? एकटीच हसे, मान डोलावे. एक दिवस ‘किडनी, किडनी’ कराले लागली, तवा म्हटलं, नाही, पोरगं नसन.

समता : मस्करी नका करू. मले भेव वाटते. आता मले येते, चाचा. खरंच येते. म्हणूनच भेव वाटते. येत असून पुन्हा तिथं झोपली तं मले सहन नाही होणार.

वाहेद : नसीमा, महादेवरावले फोन लाव.

नसीमा : काय सांगता?

वाहेद : नवरीचे ब्लाऊज देतो म्हन. करवल्याइचं कापड घेऊन जा.

समता : अजिबात नाही! लग्नाच्या तोंडावर कापड वापस करता? गावभर बोभाटा होईन. पुढच्या सीझनले कोणी पायरी नाही चढणार.

वाहेद : चढतीन. दुसरीकडे फिटिंग बिघडली का येतीन पळत.

नसीमा : थांबा हो दोघं बी. वापस कायले कराले पाहिजे? कटिंग तुम्ही करा, शिवाले स्टँडजवळच्या अकीलकडे द्या. त्याचा हात तुमच्यासारखाच हाय.

वाहेद : हाय ना! माह्याजवळच शिकला अन् माह्याच गावात दुकान टाकलं. दोन वर्षं झाली, मी त्याच्या दुकानाकडे पाहून चालत नाही.

नसीमा : मंग आज पाहून चाला.

वाहेद : त्याच्यापुढे जाऊन काय म्हनू? बाबा, मदत कर?

नसीमा : हाव. तेच म्हना.

समता : चाचा, माह्यासाठी तुम्ही कोणापुढे मान खाली घालू नका. मले नाही चालणार.

वाहेद : तू तुह्या परीक्षेचं पाय. मानेचं मी पाहीन.

नसीमा : जातीन ते. चप्पल कुठं हाय पाहून राह्यले, दिसत नाही का?

वाहेद : समता, उठ. घरी जाय. उद्या दुकानात दिसली तं याद राख.

समता : उद्याचा एक दिवस तरी येऊ द्या. अर्धाच दिवस.

वाहेद : उद्या अभ्यास बी नको. जेव अन् झोप. एवढंच काम दिलं तुले, ते नीट कर.

नसीमा : ड्रेस परवा सकाळी मी घेऊन येते घरी. तुह्या मायले म्हन, चाय ठेव.

समता : अन् नाहीच झालं तं, चाचा? एवढं सगळं करून? जाऊ द्या. नाही झालं तं माही मशीन आहेच.

वाहेद : सोमवारी हाय. जूनमध्ये नाही.

समता : म्हणजे?

नसीमा : साखरखेर्ड्याची माही भाची हाय ना, महनूर? ते येऊन राह्यली जूनपासून शिकाले. इथंच राहीन आमच्याजवळ.

समता : कोणत्या मशीनवर?

नसीमा : तुह्याच.

समता : मले न विचारता ठरवलं? अजून माही परीक्षा झाली नाही, निकाल कुठं आहे!

वाहेद : तू आता शिकाले जानार, हे आम्ही रमजानातच ठरवलं.

समता : अन् मी नापास झाली तं? कुठं बसू मी?

वाहेद : मले नको विचारू. माह्या दुकानात तं आता जागा नाही.