काल्यातलं वेगळं कसं काढाल?

मंडळी, ऐका. एक सांगा — पाहुणा किती दिवस पाहुणा राहतो? तुमच्या शेजारी चूल मांडली, तुमच्या गुरांना चारा घातला, तरी परकाच? थांबा, लगेच माना डोलावू नका. आधी खडकउमरीला चला.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याची हंडी मांडलेली. गावची रीत अशी, की प्रत्येक घरानं मूठभर आपलं आणायचं — कुणी लाह्या, कुणी पोहे, कुणी लोणच्याची फोड — अन् हंडीत सोडायचं. रांगेत हर्षला उभी, कडेवर सहा महिन्यांची ओवी. आज ओवीचं उष्टावण, याच काल्यानं. सासूबाईंचा नवसच होता तसा.

तिच्या पुढं सुगनी. झारखंडहून आलेली, गहिनाआबांच्या गोठ्यावर नवऱ्यासोबत राबणारी. वाटीत सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ. हंडीपाशी बसलेल्या आबांनी हात आडवा धरला.

"बाई, तुमचं तिकडं कट्ट्यावर ठेवा. हंडीत गावाचं पडतं."

सुगनीनं वाटी पदराखाली घेतली. अन् मंडळी, रांगेतलं कुणी हललं नाही. सगळ्यांना एकदम आपापल्या लाह्या बघायच्या होत्या!

हर्षलानं ओवीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बोलावं, तर आबा पोरीचं उष्टावण अडवतील. गप्प बसावं, तर पोरीच्या तोंडी पहिला घास कसला जाणार?

"आबा, हंडीतलं दही कुणाचं?"

"आमच्या गोठ्याचं. दरसालचा मान आहे."

"धारा कोण काढतं?"

आबा हंडीत बघू लागले. "दूध वेगळं, प्रसाद वेगळा. पोरीचं उष्टावण करायचंय ना तुला? मग गप पुढं हो."

"करायचंय, म्हणूनच बोलते."

तिनं आपल्या लाह्या सुगनीच्या वाटीत उपड्या केल्या. हंडीतलं दही त्यात घेतलं, कालवलं अन् बोटभर ओवीच्या ओठांना लावलं. पोरीनं आधी तोंड वाकडं केलं, मग मिटक्या मारल्या.

सासूबाई तरातरा पुढं आल्या. हर्षलाला वाटलं, आता थोबाडीत बसते. त्यांनी वाटी घेतली, उरलेलं सगळं हंडीत ओतलं, वर पळी फिरवली.

"घ्या भाऊजी, निवडा आता गावाचं."

निवडलं का आबांनी? अहो, काल्यातलं निवडता येतं होय?

मंडळी, आपलीही हंडी समोर आहे. अन् मंडपाबाहेर, चपलांच्या ढिगाशी, वीटभट्टीवरच्या बाया पदराखाली काहीतरी धरून केव्हाच्या उभ्या आहेत. मला इथून दिसतात, तुम्हाला दिसत नाहीत? वाट द्या त्यांना. तोवर टाळ खाली ठेवा. मी हंडीला हात लावणार नाही.