सैल हो म्हणणारं कोणी

…आता हृदयाला काडीचंही काही झालेलं नसताना बाईला तिच्याच अंगणात आडवी पाडून टोप्यांनी वारा घालायचा, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा! आणि पाडणारं कोण, तर सख्खी बहीण, जुरेमा.

म्हणजे त्याचं असं, तुम्हाला सांगतो, माझ्या बायकोचा, दोर्वालिनाचा, घास अडकतो. गोयास प्रांतातल्या आमच्या खेड्यांत हे दुखणं घरटी एकाला तरी असतं, आणि प्रत्येक घराला वाटतं, आपलं कोणाला ठाऊक नाही. घासागणिक पाण्याचा घोट, मग उठायचं, दोन्ही हात वर करायचे, टाचा आपटायच्या, तेव्हा कुठे तो खाली सरकतो. चारचौघांत हे कोण करील? म्हणून पाहुणे आले की ही वाढते, हसते, "चाखता चाखताच पोट भरलं गं" म्हणते, आणि सगळे पांगले की चुलीमागे एकटी जेवते. मीसुद्धा भराभर जेवून उठायचो. नवऱ्यानंही बघायला नको, असं तिचं.

डॉक्टर तेर्सिओंनी मला नीट समजावलं. म्हणाले, माणूस गिळतो तेव्हा नस चिमूटभर वायू सोडते, नायट्रिक ऑक्साइड, आणि अन्ननळीच्या तळाचा स्नायू सैल पडतो. दोर्वालिनामावशींना लहानपणी मातीच्या भिंतीतला किडा चावला, त्याच्या जंतूपायी त्या नसाच मेल्या. स्नायू धडधाकट आहे हो, पण त्याला सैल हो म्हणणारं कोणी उरलं नाही! मग त्यांनी गोळी दिली. जेवणाआधी जिभेखाली धरायची, तोच वायू बाहेरून पोचतो. विरघळेपर्यंत मात्र बोलायचं नाही. दोर्वालिनाला! बोलायचं नाही!

तर कोवळा मका आला, सगळं गोत पामोन्या करायला आमच्या अंगणात जमलं. मका किसायचा, दूध-चीज कालवून त्याच्याच पानात बांधायचा, हंड्यात उकडायचा… दिवस जातो. आदल्या दिवशी ही मला म्हणाली, "उद्या मी सगळ्यांबरोबर पानावर बसणार. आणि तुम्ही कोणाला काही सांगायचं नाही." नाही सांगितलं.

पामोन्या निघाल्या. ही बसली, गोळी जिभेखाली ठेवली, डोळे मिटले. जुरेमानं बघितलं. जिभेखालची गोळी आमच्याकडे एकाच दुखण्याची, छातीच्या! "भावजी, ताईचं हृदय!" की झालं, बाकडं बाजूला, ही जमिनीवर, कोणी पाय उचलतंय, कोणी देवाचं नाव घेतंय, आणि हिला बोलता येईना, तिनं सवयीनं दोन्ही हात वर केले… तर जुरेमा रडायलाच लागली, ताईनं वर हात जोडले म्हणून, आणि सगळ्यांनी प्रार्थना सुरू केली. मी ओरडतोय, अहो, हृदय ठणठणीत आहे! पण नवऱ्याचं कोण ऐकतं? इथेही तेच बघा, स्नायू सगळे आवळलेले, सैल हो म्हणणारं कोणी नाही.

शेवटी गोळी विरघळली. दोर्वालिना उठून बसली, झग्यावरची माती झटकली आणि म्हणाली, "जुरेमा, प्रार्थना संपली असेल तर पामोन्या वाढ. माझा घास अडकतो गं. हृदय नाही."

मग हंड्यापाशी उभी असलेली धाकटी भावजय हळूच म्हणाली, "माझ्या आईचाही अडकायचा." पलीकडून एक काका म्हणाले, माझाही. जुरेमानं स्वतःच्या हातानं पान सोडून पामोन्या बहिणीपुढे ठेवली. हिनं घास घेतला. चावला. गिळला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत… आणि गेला हो खाली! पाणी नाही, हात वर नाही. सबंध पामोन्या संपवली. मग गोळीनं डोकं दुखायला लागलं, तर दुखरं डोकं धरून दुसरी पामोन्या मागितली.

आता रोज माझ्यासमोर बसून जेवते. सावकाश. मी बघत बसतो आणि तुम्हाला सांगतो, माझाच घास घशाशी थांबतो. खाली उतरायचं नाव नाही. गेलो डॉक्टरांकडे. त्यांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, याला गोळी नाही. आपल्या ताटात बघून जेवत जा."

बघतो. पण जमत नाही.