वरून हातभर

नाही, पण मला एक सांगा, शब्दासाठी कुणी खोलीच्या मधोमध भिंत घालतं का? वाटणीसाठी घालतात, कबूल! पण शब्दासाठी? आणि शब्द तरी कसला, तर अख्ख्या शास्त्रात एकदा आलेला! एकदाच हो! दुसऱ्यांदा यायची त्याची छाती झाली नाही!

तुम्हाला सांगतो, मी आपला सुतार माणूस. बोलावणं आलं, गेलो. दोन सख्खे भाऊ, दोघेही मास्तर, दोघांचे केस पिकलेले, अकरा वर्षं एका टेबलाशी समोरासमोर बसून हिब्रू शास्त्र मराठीत आणतायत. सगळं झालं, छापखानेवाला दारात येऊन बसलाय, आणि एक जागा कोरी! तो महापुराचा प्रसंग नाही का, देव त्या म्हाताऱ्याला सांगतो, लाकडाचं तारू बांध, जनावरं आत घे… तिथं देव म्हणतो, ‘तारवाला त्सोहर कर.’ त्सोहर! म्हणताना दातात काडी अडकल्यासारखं होतं! आणि त्सोहर म्हणजे काय? कुणाला ठाऊक! एकदाच आलाय ना!

मोठे सर गरजतात, “छप्पर! हिब्रूच्या शेजारच्या भाषेत असाच शब्द आहे, त्याचा अर्थ पाठ. तारवाची पाठ म्हणजे छप्पर!” धाकटे सर नाकातून, अगदी बारीक, “खिडकी, दादा. हिब्रूत ‘दुपार’ याच शब्दावरून होते. दुपार म्हणजे उजेड, उजेड म्हणजे खिडकी.” “छप्पर!” “खिडकी!” तीन आठवडे झाले, बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी वहिनींमार्फत! ही कहाणी मला वहिनींनीच सांगितली, म्हणजे मोठ्या सरांच्या मंडळींनी. “अहो, आई गेली तेव्हा धाकट्याला मांडीवर घेऊन बसले होते हे,” म्हणाल्या, “आणि आता म्हणतात, मधे फळ्यांची भिंत घाला.” पदर डोळ्याला. मी आपली पट्टी काढली, माप घेतलं.

मोठे सर म्हणाले, “पार छतापर्यंत ने. त्याचा खोकलासुद्धा मला ऐकू येता कामा नये!”

मी म्हटलं, “सर, खोलीला खिडकी एकच, ती धाकट्यांच्या बाजूला. छतापर्यंत नेली तर तुम्ही काळोखात बसाल.”

“बसेन!”

“लिहाल कसं?”

“पाठ आहे मला सगळं!”

घ्या! आता हट्टाला औषध आहे का? पण मीही तीस वर्षं रंधा मारलाय. म्हटलं, आपण आपल्या अकलेनं करायचं. फळ्या ठोकल्या, आणि वरून हातभर जागा मोकळी सोडली. भर दुपार होती. पलीकडच्या खिडकीतून ऊन आलं ते त्या फटीतून सरळ मोठ्या सरांच्या कागदावर! सर ओरडले, “हे काय? अपुरी का सोडलीस?”

मी शिडीवरूनच म्हटलं, “अपुरी कुठंय? वरून हातभर ठेवून पुरी केलीय!”

अहो, मला वाटलं, गेली मजुरी. तर मोठे सर उठले, म्हणाले, “पुन्हा बोल.”

“वरून… हातभर ठेवून… पुरी केलीय.”

आणि भिंतीपलीकडून नाकातला आवाज, “दादा! पुढचं वाक्य! ‘आणि वरून हातभर ठेवून ते पुरं कर!’”

मला काय माहीत देव पुढं काय बोललाय? म्हटलं, “सर, बंद तारू, आत एवढी जनावरं, शेण, उकाडा… छपराला भोक पाडलं तर पाऊस आत. बाजूला मोठी खिडकी केली तर लाट आत. कुठलाही सुतार छपराखाली सगळीकडून हातभर फट सोडेल. वर छप्पर, खाली उजेड. भांडताय कशाला? दोघंही बरोबर!”

तुम्हाला सांगतो, मोठ्या सरांनी माझी हातोडी घेतली आणि पहिली फळी स्वतः उचकटली! पलीकडून धाकटे सर ढकलतायत. भिंत कोसळली, दोघं भुश्शात उभे, एकमेकांचे खांदे धरून लहान पोरांसारखे रडतायत, हसतायत. वहिनी दारात. आणि मी? मी शिडीवर, छाती अशी फुगलेली! अहो, पंडितांना अकरा वर्षं जो उमगला नाही, तो शब्द या सुतारानं सोडवला! एकदाच आलेला शब्द, आणि तो माझ्या हाताला लागला!

पुस्तक छापून आलं. स्वतः दोघं घरी घेऊन आले. बायकोला म्हटलं, बस, ऐक. पान उघडलं, मोठ्यानं वाचलं, ‘तारवाला छपराखाली उजेडाची जागा ठेव.’ माझं वाक्य! शास्त्रात! शेजारी गोळा झाले. बायको पहिल्यांदाच माझ्याकडे अशी बघत होती की… जाऊ द्या.

मग तिनं बोट खाली नेलं. “हे बारीक अक्षरात काय हो?”

वाचलं. ‘या शब्दाचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नाही.’

खाली दोघांच्या सह्या. अकरा वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं… ते यावर!